मॅडिसनमधल्या पाच बिनघराच्या रात्री

एमएससाठी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला १० ऑगस्टला उतरलो, घराचा करार मात्र १५ पासून. मॅडिसनमध्ये विद्यार्थ्यांचे बरेचसे करार १४ ला संपून १५ ला सुरू होतात, हे तिकीट काढताना माहीतच नव्हतं. दोन बॅगा, कुकर आणि डोक्यावर छप्पर नाही! नाशिकच्या एका सीनियर ताईला फोन केला. "अरे, ये सरळ, सोफा आहे ना!" तिने करार वाढवलेला, म्हणून १४ ची रात्रही निभावली. तिचे उपकार विसरणार नाही.

घरं सोडणारी मुलं धड सामान फुटपाथवर ठेवून जातात. टेबल-खुर्ची तिथूनच उचलली. सांध्यांत मोबाईलचा टॉर्च मारून ढेकूण नाहीत ना बघितलं, मगच आत घेतली. गादी मात्र नवीच आणली. तुम्ही तिकीट काढण्याआधी कराराची तारीख बघा.