क्रिस्टल उपटण्याआधी: या चुका टाळा

क्रिस्टल म्हणजे सर्किटच्या घड्याळाला ठोका देणारा क्वार्ट्झचा तुकडा. वागळे इस्टेटमधल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ‘क्रिस्टल खराब’ अशी चिठ्ठी लावून जे बोर्ड येतात, त्यांतले बहुतेक क्रिस्टल ठणठणीत असतात.

सगळ्यात जास्त छळलंय ते कपॅसिटरनी. एका शाळेत जूनमध्ये घंटेचा टायमर बसवला. दिवाळीच्या तोंडावर शिपाईमामांचा फोन: “साहेब, घंटा आठ मिनिटं उशिरा होते. उशिरा येणारी पोरं खूश, बाई वैतागल्यात.”

बोर्ड उघडला. डीएस१३०७ ही वेळ मोजणारी आयसी, ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, आणि त्याच्या दोन्ही पायांना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर. आमचा नवा मुलगा म्हणाला, “सर, क्रिस्टल म्हटलं की दोन बावीस लावायचेच ना?” मायक्रोकंट्रोलरच्या १६ मेगाहर्ट्झवाल्याला लावतात, म्हणून इथेही! अरे, या आयसीला १२.५ पिकोफॅरड लोडचा (म्हणजे तेवढ्या कपॅसिटन्सवर बरोबर चालणारा) क्रिस्टल लागतो आणि तेवढं लोड तिच्या पोटातच आहे. बाहेरचे दोन बावीस क्रिस्टलला सिरीजमध्ये दिसतात, म्हणजे वर आणखी ११. लोड वाढलं की क्रिस्टल मंदावतो. दिवसाला चारेक सेकंद, महिन्याला दोन मिनिटं. दोन्ही काढले, घंटा वेळेवर.

पोराचा उपाय वेगळा होता: कोडमध्ये रोज रात्री चार सेकंद वाढवायचे. असली ठिगळं मला बघवत नाहीत. हा क्रिस्टल साधारण २५ अंशांना सगळ्यात जलद चालतो. पत्र्याखालचा डबा ४५ अंशांवर गेला की दिवसाला आणखी सेकंदभर मागे. मग ठिगळाला ठिगळ? त्यापेक्षा चार पैसे जास्त टाकून डीएस३२३१ ही आयसी लावा, ती तापमान बघून स्वतःला सावरते.

दुसरं, ऑसिलोस्कोपचा प्रोब. थेट क्रिस्टलच्या पायावर टेकवतात. दहापटीच्या (१०एक्स) प्रोबचेही दहाएक पिकोफॅरड असतात. तेवढ्या ओझ्याने ३२ किलोहर्ट्झवाला बंद पडू शकतो. मग “बघा, मेलाय” म्हणत चांगला क्रिस्टल उपटतात. मी आयसीच्या स्क्वेअर वेव्हच्या पिनवर बघतो, पुल-अप (पिनपासून पुरवठ्याला जोडलेला रेझिस्टर) लावून.

डीएस१३०७ पहिल्यांदा चालू केल्यावर थांबलेलीच असते. तिच्या रजिस्टरमधला घड्याळ थांबवणारा क्लॉक हॉल्ट बिट कोडमधून शून्य करा.

८०५१ मायक्रोकंट्रोलरवर ९६०० बॉडला (सिरियल डेटाच्या त्या वेगाला) ११.०५९२ मेगाहर्ट्झचाच क्रिस्टल. ‘१२ मिळाला म्हणून लावला’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आणि ठाण्याचा जुलै. क्रिस्टलखाली सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला की ओल धरते, घड्याळ अडखळतं. मी आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन बसतो. घाई आहे म्हणून बोर्ड अल्ट्रासॉनिक टबात सोडू नका. आतला क्वार्ट्झचा चिमटा तुटू शकतो.