एअरलॉकमधून फेस येतोय? जाड नळी लावा, मग तापमान बघा

घरी जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर करताना यीस्ट जोरात असतं. एअरलॉकमध्ये (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न येऊ देणारी झाकणावरची छोटी झडप) तपकिरी फेस चढला तर नुसता पुसत बसू नका. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) चोथा बारीक वाटेत अडकतो, वायू कोंडतो आणि झाकण उडतं. काचेचा कारबॉय (बिअर आंबवायची मोठी बाटली) तडकूही शकतो. आधीच तुंबलं असेल तर वर ओला टॉवेल टाका, चेहरा बाजूला ठेवा आणि बूच हळूहळू सैल करा.

मी एअरलॉक काढून 25 मिमी व्यासाची, सॅनिटाइझ केलेली नळी थेट भांड्याच्या तोंडात घट्ट बसवतो. दुसरं टोक सॅनिटायझरच्या बरणीत 2-3 सेंमी बुडवायचं, बरणी खाली जमिनीवर. 8-10 मिमीची नळी पुन्हा तुंबते, तिथे काटकसर नको.

मूळ दुखणं बहुधा तापमानाचं असतं. यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त असतं. थर्मामीटर भिंतीवर नको, भांड्याला चिकटवा. भांडं पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत 18-20 अंश सेल्सिअस राखा. एकदम गार केलंत तर यीस्ट मंदावतं, शिवाय आतला वायू आकसून बरणीतलं सॅनिटायझर उलट बिअरमध्ये ओढलं जातं.

सिमेथिकोनचे थेंब फेस दाबतात, उष्णता नाही. त्यापेक्षा पुढच्या वेळी 20 लिटर वर्टला (आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) 28-30 लिटरचं भांडं घ्या.

फेस बसल्यावर साधा एअरलॉक परत लावा. हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणारं उपकरण) आकडा सलग 3 दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा.