अँड्रॉइड उपकरण झोपले होते का, हे प्रोग्रॅममधून ओळखणे

स्क्रीन बंद झाली म्हणजे उपकरण झोपले, असे गृहीत धरून लिहिलेला कोड हमखास फसतो. गाणे वाजत असताना स्क्रीन काळी असली तरी प्रोसेसर जागाच असतो. उलट खरी झोप लागते तेव्हा आपला कोडच थांबलेला असल्यामुळे त्या क्षणाची नोंद करायला कोणी उरत नाही. म्हणून झोपेची पूर्वसूचना मिळेल अशी वाट न पाहता, जाग आल्यावर मागे वळून हिशेब करणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

या हिशेबासाठी सिस्टीम-क्लॉक या क्लासमधील दोन घड्याळे पुरेशी आहेत. उपकरण सुरू झाल्यापासूनचा सगळा वेळ, झोपेसकट, इलॅप्स्ड-रिअलटाइम मोजते, तर अपटाइम-मिलिस गाढ झोपेत थांबते. दोन्हींची वजाबाकी म्हणजे आतापर्यंतची एकूण झोप. समजा, मागच्या नोंदीनंतर पहिले घड्याळ २४,६०,००० मिलिसेकंदांनी पुढे गेले आणि दुसरे १,२०,००० मिलिसेकंदांनीच, तर मधल्या ४१ मिनिटांपैकी ३९ मिनिटे प्रोसेसर झोपलेला होता. ही तपासणी ऑन-रिझ्यूममध्ये (अ‍ॅप पुन्हा समोर येताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) करावी आणि अ‍ॅप सतत चालणारे असेल तर दर मिनिटाला कोड चालवणाऱ्या हँडलरमध्येही करावी. मात्र हँडलरचा विलंब अपटाइमवर मोजला जात असल्याने झोपेच्या काळात तोही थांबतो, हे विसरू नये. भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ देणारे करंट-टाइम-मिलिस येथे वापरू नये, कारण वापरकर्त्याने वेळ बदलली की सगळा हिशेब कोलमडतो. उपकरण पुन्हा सुरू झाल्यावर दोन्ही घड्याळे शून्यापासून मोजू लागतात, त्यामुळे जुनी नोंद तेव्हा टाकून द्यावी.

स्क्रीनच्याच घटना हव्या असतील तर ॲक्शन-स्क्रीन-ऑफ आणि ॲक्शन-स्क्रीन-ऑन हे ब्रॉडकास्ट, म्हणजे सिस्टीमने अ‍ॅपना पाठवलेले संदेश, आहेत. ते मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) लिहून मिळत नाहीत, रजिस्टर-रिसीव्हरने कोडमधूनच नोंदवावे लागतात, आणि यात नवशिक्यांचा बराच वेळ जातो. वापरकर्त्याने लॉक उघडल्याचे कळण्यासाठी ॲक्शन-यूजर-प्रेझेंट वेगळा आहे. अँड्रॉइड १४ पासून मात्र, पार्श्वभूमीत कॅश केलेल्या (वापरात नसलेल्या, पण मेमरीत राखून ठेवलेल्या) अ‍ॅपसाठी असे ब्रॉडकास्ट रांगेत थांबवून नंतर दिले जाऊ शकतात, त्यामुळे ब्रॉडकास्ट हाती आला तो क्षण म्हणजेच घटनेचा क्षण असे मानू नये.

जपून ठेवायचा डेटा ऑन-स्टॉपपर्यंत (अ‍ॅप पडद्यावरून जाताना चालणाऱ्या फंक्शनपर्यंत) लिहून मोकळे व्हावे. काम अर्धवट राहणे परवडणारच नसेल तेवढ्यापुरता वेक-लॉक, म्हणजे प्रोसेसरला जागे ठेवणारे कुलूप, घ्यावा, त्याला कालमर्यादा द्यावी आणि काम संपताच तो सोडावा. विसरलेला वेक-लॉक रातोरात बॅटरी संपवतो.

चाचणी घेताना यूएसबी केबल काढावी. केबल जोडलेली असताना बरीच उपकरणे गाढ झोपेत जातच नाहीत आणि दोन घड्याळांतला फरक तासभर जागचा हलत नाही, तेव्हा दोष कोडमध्ये शोधत बसण्याआधी केबलकडे पाहावे.