रिपोर्टमधला शब्द तोडून वाचा
एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की ते लांबलचक शब्द बघूनच निम्मा धीर सुटतो, तर शब्द सरळ तोडायचा. ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्रो सांधा, मायो स्नायू, काँड्रो कूर्चा, म्हणजे सांध्यातली लवचिक गादी. शेवटी आयटिस असेल तर दाह, आल्जिया असेल तर दुखणं. म्हणजे मायाल्जिया वाचून घाबरू नका हो, स्नायू दुखतायत एवढंच लिहिलंय! स्प्रेन आणि स्ट्रेनमध्ये मात्र भलेभले गडबडतात, स्प्रेन लिगामेंटला म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला होतो आणि स्ट्रेन स्नायूला नाहीतर त्याच्या टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला. आणि हेअरलाइन फ्रॅक्चर दिसलं की "नुसता क्रॅक आहे, मोडलं नाहीये" म्हणत चालत सुटू नका, क्रॅक पण फ्रॅक्चरच असतो.