कॉक्लिअर इम्प्लांट आणि गोंगाट: या चुका टाळा

‘घरात सगळं समजतं, मग लग्नाच्या हॉलमध्येच काय होतं?’ कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवलेलं उपकरण. ते झालेल्यांच्या घरी हा प्रश्न हमखास निघतो, आणि उपाय म्हणून प्रोसेसरचा (माइक असलेल्या, बाहेर लावायच्या भागाचा) आवाज वाढवला जातो. ही सगळ्यात मोठी चूक. बोलण्याबरोबर गोंगाटही तितकाच वाढतो. त्यात स्टीलचं ताट दाणकन आपटलं, तर प्रोसेसर बचावासाठी क्षणभर सगळाच आवाज खाली ओढतो आणि नेमका तेव्हाचा शब्द निसटतो.

निरोगी कानात आवाज टिपून मेंदूकडे पाठवणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3500 असतात. नेहमीच्या इम्प्लांटमध्ये त्यांच्याऐवजी श्रवणनसेला विजेचे संकेत देणारे इलेक्ट्रोड असतात फक्त 12 ते 22, आणि त्यांचा करंटही एकमेकांच्या हद्दीत पसरतो. शांत खोलीत तेवढ्यावर भागतं. दोघं एकदम बोलू लागले, की कुठला आवाज कुणाचा हे ओळखायला लागणारे बारकावे मेंदूपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून ‘नीट लक्ष देऊन ऐक ना’ असं मुलाला बजावणं मला अन्यायाचं वाटतं.

खरा फरक पडतो अंतराने. बोलणारा दोन मीटरवरून एक मीटरवर आला, की त्याचा आवाज माइकपाशी साधारण 6 डेसिबलने वाढतो. गोंगाट आहे तेवढाच राहतो. तेव्हा लांबून हाका मारू नका, जवळ जा, चेहरा दिसेल असे उभे राहा. इम्प्लांट एकाच कानाला असेल तर त्या बाजूला बसा. दुसऱ्या कानात श्रवणयंत्र असेल, तर गर्दीत ते काढून ठेवू नका.

वर्गात रिमोट माइक (बोलणाऱ्याचा आवाज बिनतारी थेट प्रोसेसरकडे पाठवणारा वेगळा माइक) फार उपयोगी पडतो, पण तो टेबलावर ठेवून दिला तर बाकांची खरखरच जास्त ऐकू येते. शिक्षकांच्या तोंडाखाली वीतभर अंतरावर, ओढणी किंवा मंगळसूत्र घासणार नाही असा लावा.

हॉटेलात समोरचाच आवाज टिपणारा प्रोग्राम लावायचा, तर गोंगाट पाठीमागे येईल अशी खुर्ची धरा. घरी परतल्यावर नेहमीचा प्रोग्राम लावायला विसरू नका, नाहीतर मागून मारलेली हाक नीट पोचणार नाही.

पूर्वी जमणारं अचानक जमेनासं झालं, तर आधी माइकचं कव्हर बदलून बघा. पावसाळ्यात दमटपणाने आणि घामाने ते बुजतं. प्रोसेसर रोज रात्री ओल शोषणाऱ्या ड्राय बॉक्समध्ये ठेवा. तरीही फरक नसेल, तर ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) मॅपिंग, म्हणजे त्या व्यक्तीसाठी केलेली प्रोसेसरची जुळणी, तपासून घ्या. तिथे ‘ऐकू येत नाही’ एवढंच सांगू नका. कुठे, कुणाचं, कसल्या आवाजात समजलं नाही, ते लिहून न्या.