मशीनवर बोट गेलं आणि माणूस म्हणतो, "जाऊ दे"

हे मी जखमी कामगारासाठी लिहीत नाही. हाताला बँडेज बांधून घरी पडलेला माणूस असलं काही वाचायच्या मनःस्थितीत नसतो. हे आहे त्याच्या बायकोसाठी, भावासाठी, शेजारच्या मशीनवरच्या सोबत्यासाठी. मी आधी एका प्रेस शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून-कापून भाग बनवणाऱ्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात होते, आता कामगार संघटनेच्या कचेरीत अर्ज लिहून देते. माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक उशिरा येतात, आणि येतात तेही कुणीतरी हाताला धरून आणलं म्हणून.

जखमी माणूस भरपाई मागायला "नको" म्हणाला की त्याला कायदा माहीत नाही असं धरून चालू नका. नुकसानभरपाई असते एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. नको म्हणायची कारणं वेगळी असतात. शेठनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, बिल भरलं, आता त्यांच्यावरच केस करायची? नोकरी ठेकेदाराकडची, उद्या गेटवरूनच परत पाठवलं तर? मेहुणाही त्याच कंपनीत आहे. आणि सगळ्यांत खोल रुतलेलं एक वाक्य, ते सहसा खाली बघून म्हटलं जातं: "ताई, चूक माझीच होती."

म्हणून पहिल्या दिवशी दाव्याचा विषयच काढू नका. नोंद आणि दावा ही दोन वेगळी कामं आहेत. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करता येतो. नोंद मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी व्हायला हवी. "केस करायची की नाही ते सावकाश ठरव, आज फक्त झालं ते लिहून ठेवू" एवढं म्हटलं की माणसाचा जीव भांड्यात पडतो आणि तो पेन मागतो. माझ्या कामात याच्याइतकं उपयोगी पडलेलं दुसरं वाक्य नाही.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे दवाखान्याचा पहिला केसपेपर. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" जखमी माणूस वेदनेनं बोलत नसतो आणि उत्तर देतो बरोबर आलेला सुपरवायझर: "घरी लोखंडी दारात सापडलं" किंवा "गाडीवरून पडला." पोलिसांची झंझट नको म्हणून असं सांगतात, आणि कामगारही मान हलवतो. पुढे सगळ्या सुनावण्या या एका ओळीवर अडतात. तेव्हा जो कुणी दवाखान्यात पोचेल त्यानं केसपेपर हातात घेऊन वाचावा. त्यात कामाच्या जागी, कोणत्या मशीनवर, किती वाजता हे आलेलं असावं. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना खरं काय घडलं ते सांगून तशी नोंद करून घ्या. जुना कागद फाडू नका, फाडू देऊ नका.

दुसरं काम फोनवर होतं. सुपरवायझरला किंवा ठेकेदाराला मेसेज पाठवायचा. मी साधारण असा लिहून देते: "साहेब, आज सकाळी सव्वाअकरा वाजता चार नंबरच्या प्रेसवर काम करताना माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कापलं. आत्ता दवाखान्यात आहे. कामावर कधी येता येईल ते डॉक्टर सांगतील." यात तक्रार नाही, मागणी नाही, कुणाला दोष नाही. भिडस्त माणूसही हा मेसेज पाठवतो. समोरून "काळजी घे, आम्ही बघतो" असं आलं की मालकाला अपघात कळला होता याचा पुरावा तयार झाला. तो मेसेज आणखी एका फोनवर पाठवून ठेवा. कंपनीत अपघाताची नोंदवही असते, तिच्यात नोंद झाली का हेही सोबत्यानं बघून यावं.

इथवर कुणाशी भांडण झालेलं नाही. आता पगाराची स्लिप काढा.

तिच्यात ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात दिसते का बघा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांकडून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. कपात असेल तर वाट ईएसआयची: फुकट उपचार, सुट्टीच्या काळात पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम, आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा पैसे. कामावरच्या अपघातासाठी आधी किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. यात मालकाविरुद्ध दावा नसतोच, मालकानं फक्त अपघाताचा अहवाल द्यायचा, ज्याला सगळे फॉर्म बारा म्हणतात. "शेठवर केस नको" म्हणणाऱ्याला हे नीट समजावून सांगा, त्याची अर्धी अडचण इथेच सुटते. एक मात्र तपासा: कार्डावरची रुजू झाल्याची तारीख. वर्षभर काम करणाऱ्या पोराचं कार्ड अपघाताच्या दिवशी काढलेलं मी पाहिलं आहे. तारीख चुकीची असेल तर जुने पगाराचे मेसेज, बँकेचं पासबुक, गेटपास जपून ठेवा.

कपात नसेल तर वाट नुकसानभरपाई कायद्याची. तो 1923 चा कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, हिशोबाची रीत मात्र तीच. दोन्ही वाटांनी एकाच जखमेचे पैसे मिळत नाहीत. ईएसआय लागू असेल तर तिकडेच जायचं.

रकमेचा हिशोब मी कागदावर मांडून दाखवते, कारण "थोडेफार मिळतील, त्यासाठी कशाला" असं प्रत्येकाला वाटत असतं. समजा ईएसआय लागू नसलेल्या कामगाराचं वय 30, महिन्याचा पगार 18,000. पगार 15,000 च्या वर कितीही असला तरी हिशोबाला 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. वयाप्रमाणे तक्त्यात एक आकडा असतो, 30 ला तो 207.98. गुणाकार झाला 18,71,820. अंगठ्याशेजारचं पूर्ण बोट गेलं तर कायद्याच्या यादीप्रमाणे कमाईची क्षमता 14 टक्के घटते. म्हणजे भरपाई सुमारे 2 लाख 62 हजार रुपये. त्याच माणसाच्या हातात शेठनं दहा-पंधरा हजार ठेवून "मिटलं ना?" विचारलेलं असतं. अंगठा गेला तर टक्के 30 आहेत. दवाखान्याचा खर्च यात धरायचा नाही. तो वेगळा आणि मालकानं द्यायचाच आहे. शेठनी बिल भरलं याबद्दल मनात कृतज्ञता जरूर असू द्या, पण त्या बिलानं भरपाई फिटत नाही. पुष्कळ कंपन्यांनी याच्यासाठी विमा काढलेला असतो, म्हणजे पैसे शेठच्या खिशातून जाण्याऐवजी विमा कंपनीकडून येतात. हेही त्याला सांगा.

आता "चूक माझीच". यावर घाईघाईनं "नाही रे, तुझी कसली चूक" म्हणू नका, त्याला ते खरं वाटत नाही. त्याला सांगा की चूक कुणाची हा प्रश्नच बाजूला ठेवण्यासाठी असले कायदे झाले. जर्मनीत 1884 साली, इंग्लंडमध्ये 1897 साली आणि आपल्याकडे 1923 साली. रात्रपाळीत डोळा लागला, हात घसरला, घाई झाली, यानं हक्क जात नाही. अपवाद आहेत, ते लपवू नका: दारूच्या अंमलाखाली असणं, किंवा मशीनवरचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेला अडसर, मुद्दाम काढून टाकणं. तिथे मालक हात वर करू शकतो, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर मात्र तेही चालत नाही. म्हणून गार्डबद्दल खोदून विचारा. प्रेसवर गार्ड असला की पीस काढायला वेळ लागतो, टार्गेट भरत नाही. मग तो कुणीतरी आधीच सोडवून कोपऱ्यात ठेवलेला असतो, सेन्सरची वायर काढलेली असते. "गार्ड मी काढला" म्हणणाऱ्याला विचारलं की तू कामाला लागलास तेव्हा तो मशीनवर होता का, तर बरेचदा उत्तर येतं, "नाही, मी आलो तेव्हापासून असंच आहे." हे उत्तर तारखेसह लिहून ठेवा.

नोकरी जाईल ही भीती खोटी आहे असं मी कुणाला सांगत नाही. ठेकेदाराचा माणूस खरोखर काढला जातो. मात्र कंपनीच्या कामासाठी ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराला भरपाई मूळ कंपनीकडूनही मागता येते, आणि दावा तो राहतो त्या जिल्ह्यातही करता येतो. गावाकडे परत गेलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा दुसरीकडे काम लागल्यावर दावा करणारेही असतात. फक्त वाट बघताना मुदत विसरू नका, कॅलेंडरवर दीड वर्षावर खूण करा.

कोऱ्या कागदावर सही नाही. "यापुढे माझी काही मागणी नाही" असं लिहून घेतलं असेल तरी घाबरू नका, हक्क सोडून देणारा असा करार कायद्यात टिकत नाही. पैसे दिले तर बँकेत घ्या, कसले ते मेसेजवर विचारून घ्या.

वकिलाच्या फीची चिंता असते. औद्योगिक कामगाराला उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हेल्पलाइन 15100. भरपाई देय झाल्यावर महिनाभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

शेवटचा अडथळा अपंगत्वाचे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांसमोर, म्हणजे मेडिकल बोर्डासमोर, येतो आणि तिथे फार नुकसान होतं. डॉक्टर विचारतात, "आता कसं आहे?" आपला माणूस सवयीनं म्हणतो, "बरं आहे, चालतंय." गेलेल्या बोटाचे टक्के यादीतून ठरतात, पण आखडलेला सांधा, गेलेली पकड, मनगटातली कळ यांची टक्केवारी डॉक्टरांच्या तपासणीवर ठरते, आणि त्यांना सांगितलंच नाही तर ते लिहिणार काय? आदल्या रात्री बसून यादी करा: पाना आवळता येत नाही, डाय (प्रेसचा साचा) उचलताना हात सुटतो, शर्टाचं बटण दुसऱ्याला लावावं लागतं, थंडीत बोटाचा खुंट ठणकतो. पूर्वी नेमकं काय काम करत होता, आता त्यातलं काय जमत नाही, हे डॉक्टरांना सांगायचं. बायकोला किंवा भावाला बरोबर न्या. आत जाऊ दिलं नाही तर ती यादी त्याच्या हातात द्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायला सांगा.