गोठ्यातले उंदीर गेले, मोत्या सुखरूप

इंदूरजवळ राऊला आमचा गोठा आहे. उंदरांनी आधी पेंडीची पोती फोडली, मग गाडीच्या वायरी. शेजारच्या काकांनी ब्रोमाडायोलोन या उंदीर मारायच्या विषाच्या वड्या दिल्या. नको म्हटलं, त्यानं रक्त गोठत नाही, आणि विषारलेला उंदीर खाल्ला तर कुत्र्या-मांजरालाही बाधतं. आमचा मोत्या तर चपलाही सोडत नाही.

पेंड पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात भरली. लहान उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतूनही शिरतो, म्हणून भोकांत तारेची घासणी कोंबून वर सिमेंट थापलं. चाप लाकडी खोक्यात, भिंतीलगत. दोन इंची भोकातून मोत्याचं तोंड जाईना. इंदूरचे उंदीर, पण शेवेला शिवले नाहीत! शेंगदाण्याचा कूट-गूळ लावला, पहिल्याच रात्री तीन. गाडीचं बॉनेट आता रात्री उघडंच ठेवतो.